साधन आणि त्याची पोथी

एखादे नवे साधन सिद्ध झाले की त्याच्या कर्त्याचे कौतुक होते. ते वापरावे कसे, हे लिहून ठेवणाराकडे मात्र कोणी वळून पाहत नाही. कचेरीत हे काम बहुधा सर्वांत नवख्या माणसाच्या माथी मारले जाते. मला हा न्याय उलटा वाटतो. तो का, हे जयपुरातील दोन साधनांवरून सांगावयाचे आहे: एक तिथल्या एका कचेरीतले, दुसरे जगजाहीर.

राजस्थानात भूगर्भातील पाण्यातले फ्लोराईड हा जुना वैरी आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा पाणवठाच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे. त्याहून अधिक वर्षानुवर्षे पोटात गेले की दात डागाळतात, पुढे सांधे व हाडे आखडतात. म्हणून पाण्याचे नमुने तपासले जातात, आकडा संगणकावर चढतो आणि मूळ अहवाल जोडपत्र म्हणून त्याला जोडला जातो. आकडा एकटा मुका असतो. नमुना कोणत्या विहिरीचा, कोणत्या तारखेचा, हे सांगते ते जोडपत्र.

अशी शेकडो जोडपत्रे एकेक करून उतरवून घेणे जिवावर येते. त्या कचेरीतल्या एका तरुण अभियंत्याने ती सारी एका आज्ञेसरशी उतरवून घेणारी लहानशी संगणकीय आज्ञावली लिहिली. पुढे त्याची बदली झाली. आज्ञावली मागे राहिली. टिपण असे काही नव्हतेच. पुष्कळ अहवालांचे नाव नुसते ‘अहवाल’ असे. दुसरा उतरला की पहिला पुसला जाई. मध्येच तार तुटली तर अर्धवट कागद पुऱ्यासारखा दिसे. फेरतपासणीचा अहवाल कोणता आणि मूळ कोणता, हेही कळेना. कर्त्याला हे सगळे ठाऊक होते आणि तो ते हाताने सांभाळून घेई. पण तो गेल्यावर एका गावच्या वाईट पाण्यावर दुसऱ्या गावच्या चांगल्या पाण्याचे पांघरूण पडावयाला कितीसा वेळ?

आता दुसरे साधन. सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये जयपूर वसविले, आणि तिथे दगडचुन्याची वेधयंत्रे उभारली. प्रवासी ती पाहतात. त्यांमागचे लिखाण फारसे कोणी पाहत नाही. ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या त्याच्या फारसी ग्रंथाची प्रस्तावना मला त्या यंत्रांइतकीच मोलाची वाटते. पितळेची यंत्रे का सोडली, हे तीत स्पष्ट सांगितले आहे: आकार लहान, कलांचे विभाग पाडता येत नाहीत, आस झिजतात, मध्य सरकतात. म्हणून आधी दिल्लीस दगडी यंत्रे बांधली, आणि तिथले वेध खरे की खोटे हे ताडण्यासाठी जयपूर, मथुरा, काशी व उज्जैन येथे तशीच उभारली. युरोपातून आणविलेली ल हीर याची कोष्टकेही त्याने तपासली. चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक निघाली. अर्धा अंश म्हणजे जवळजवळ चंद्रबिंबाएवढी रुंदी! हेही लिहून ठेवले आहे.

जयपूरच्या मोठ्या सम्राटयंत्रावर दोन सेकंदांपर्यंत खुणा आहेत. पण सूर्य हा बिंदू नव्हे, बिंब आहे. त्यामुळे सावलीची कड पुसट पडते, आणि ती नेमकी कोठे धरावी हे दगड सांगत नाही. ते माणसाने माणसाला सांगावे लागते. जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी टॉलेमीचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणताना त्यात या यंत्रांचेही वर्णन घातले. जगन्नाथ महाराष्ट्रीय होते, हे आपण सहसा विसरतो. पुढे १९०१-०२ मध्ये गॅरेट या इंग्रज अधिकाऱ्याने वेधशाळेचा जीर्णोद्धार केला, तेव्हा त्याच्या हाताशी संस्कृतज्ञ चंद्रधर शर्मा गुलेरी होते, ‘उसने कहा था’ या हिंदी कथेचे कर्ते. दुरुस्तीला गवंडी लागले, तसा पोथी वाचणाराही लागला.

कचेरीतल्या आज्ञावलीचे टिपण पुढे चार पानांचे झाले. ती काय करीत नाही, हे पहिल्याच पानावर आहे. प्रत्येक अहवालाच्या नावात गाव, नमुन्याचा क्रमांक व तारीख घालावी, आणि उतरलेल्या अहवालांची संख्या मूळ यादीशी ताडल्यावाचून संगणक बंद करू नये, असे दुसऱ्या पानावर लिहिले आहे.