खारदुंगलाची पाटी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



काही वर्षांपूर्वी आपल्या वर्गातले आम्ही चौघे लेहहून गाडी करून लडाख फिरलो. त्यातली एक गोष्ट आज भूगोलाच्या सरांसमोर सांगायची आहे.

खारदुंगला खिंडीत पाटी होती : जगातील सर्वांत उंच मोटाररस्ता, १८,३८० फूट. फोटोसाठी ही भली मोठी रांग! मी वाचून गेलो होतो, की नव्या मोजणीत ती उंची १७,५८२ फुटांच्या आसपासच भरते. म्हटलं, "खोट्या पाटीसाठी कशाला थांबायचं?" पण आपला मागच्या बाकावरचा मित्र हटेना. एवढ्या उंचीवर फार वेळ थांबू नये म्हणतात; हा अर्धा तास उभा. परतला तेव्हा डोकं धरून, ओठ पांढरे पडलेले. मी सगळ्यांसमोर त्याला वाटेल ते बोललो. तो गप्प झाला.

पुढे पँगाँग. तळं अफाट निळं, पण काठावर गर्दी 'थ्री इडियट्स'मधल्यासारख्या पिवळ्या स्कूटरवर बसून फोटो काढणाऱ्यांची. तिथून चुशूलमार्गे हानलेकडे निघालो. रस्ता कसला, नुसती धूळ आणि चाकोऱ्या. वाटेत रेझांगलाचं स्मारक लागलं. १९६२ साली तिथे लढताना पडलेल्या १३ कुमाऊंच्या जवानांची नावं आम्ही वाचली. तिथे रांग नव्हती. आम्ही चौघेच होतो.

हानलेला टेकडीवर वेधशाळा आहे. तिथली दोन मीटर व्यासाची दुर्बीण बंगळूरजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवतात. रात्री आकाशगंगा अशी दिसली, की कुणी बोलेना. त्या अंधारात मित्र हळूच म्हणाला, "सातवीत नकाशात लडाख दाखवता आलं नाही, म्हणून सरांनी तासभर बाकावर उभं केलं होतं. तो फोटो सरांना द्यायचा होता रे."

मला काय बोलावं सुचेना. थंडीत त्याच्या खांद्यावर माझी शाल टाकली, एवढंच.

सर, तो फोटो आज त्याच्या खिशात आहे. पाटीवरचा आकडा चुकीचा आहे, पण जागा त्याने बरोबर दाखवली आहे. गुण तुम्हीच द्या.