ग्दान्स्कच्या गोदीत चार दिवस



या व्यासपीठावरून मोठमोठी विद्वान माणसे बोलून गेली आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंत शाळेत झाले आणि पुढचे युनियनच्या कचेरीत, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांवर बसून. तेव्हा बाल्टिक समुद्राकाठच्या एका शहराचा इतिहास मी शास्त्रशुद्ध मांडीन, अशी अपेक्षा आपण ठेवू नये. 2024 च्या सप्टेंबरात आम्ही चौघे मित्र पोलंडमधील ग्दान्स्क येथे चार दिवस राहून आलो. एक निवृत्त एस.टी. कंडक्टर, एक फिटर, एक नगरपालिकेच्या शाळेतले मास्तर, आणि मी. तेथे जे पाहिले ते सांगतो.

आधी पैशांचे, कारण ते कसे जमवले हे पुष्कळांनी विचारले आहे. तीन वर्षे आम्ही भिशी लावली होती. सर्वांत मोठा खर्च विमानाचा. त्याला इलाज नाही. व्हिसाची फीच माणशी 90 युरो. एकदा पोहोचल्यावर मात्र हात आखडता घेता येतो. चार खाटांची एक खोली आणि सामाईक स्वयंपाकघर अशी उतरण्याची सोय होती; सकाळचे पोहे आम्ही घरचेच नेले होते. दुपारी जेवायला 'बार म्लेच्नी', म्हणजे दुधाचा बार. बार हा शब्द ऐकून मास्तरांची कळी खुलली होती. पण तेथे दारूचा थेंब मिळत नाही. ती साध्या माणसांची खाणावळ. सरकार अन्नावर अनुदान देते, आपण खिडकीवर सांगायचे, ताट आपणच उचलून आणायचे. बीटचे आंबट सार आणि बटाटा-चीज भरलेले 'प्येरोगी', म्हणजे आपल्या करंजीचा उकडलेला चुलतभाऊ. तीस झ्लोटींच्या आत पोट भरे. झ्लोटीला तेव्हा 21-22 रुपये पडत. शेजारी म्हाताऱ्या बाया, विद्यार्थी, रंगारी जेवत असत. त्या खाणावळीत बसून मला ते शहर जितके कळले, तितके नेपच्यूनच्या प्रसिद्ध कारंज्यापाशी उभे राहून कळले नाही.

शहर देखणे आहे, यात शंका नाही. मोत्लावा नदीच्या काठी विटांचे उंच दरवाजे, निमुळत्या घरांच्या रांगा. सेंट मेरीचे चर्च तर विटांनी बांधलेल्या जगातल्या सर्वांत मोठ्या चर्चांपैकी एक. पण हे सारे जुने दिसते, तितके जुने नाही. 1945 मध्ये शहराचा मध्यभाग जवळजवळ सगळा जळून पडला. युद्धानंतर तो पुन्हा उभा केला, तेव्हा दर्शनी भिंती जुन्या सावकारांच्या घरांसारख्या ठेवल्या आणि त्यांच्या मागे कामगारांना राहायला खोल्या काढल्या. समोर सावकार आणि मागे कामगार, ही वास्तुरचना आमच्या फिटरला फार आवडली.

नदीवर एक लाकडी यारी आहे. यारी म्हणजे आपण क्रेन म्हणतो ती. तिचे नाव 'झुराव', म्हणजे क्रौंच पक्षी. ती पंधराव्या शतकातली. तीही 1945 त जळाली आणि पुन्हा बांधली. तिच्या पोटात प्रचंड लाकडी चाके आहेत. त्या चाकांच्या आत माणसे चालत. ती चालली की चाक फिरे, दोर गुंडाळला जाई आणि काही टनांचे ओझे जहाजावर चढे. दिवसभर चालायचे आणि तेथेच राहायचे! हान्सा व्यापारी संघाचे हे बंदर श्रीमंत झाले ते या पायांवर. सावकारांची नावे दारांवर कोरलेली आहेत. चाकात चालणाऱ्यांची नावे मला कोठे आढळली नाहीत.

आता दुसऱ्या यारीकडे येतो. तिच्यासाठीच मी एवढ्या लांब गेलो होतो. जुन्या शहरापासून चालत जाण्याच्या अंतरावर जहाजबांधणीचा कारखाना होता. त्याला तेव्हा लेनिनचे नाव होते. तेथे आन्ना वालेन्तिनोविच नावाच्या बाई आधी वेल्डर आणि मग यारीचालक होत्या. 1980 च्या ऑगस्टमध्ये, निवृत्तीला पाच महिने उरले असताना, त्यांना कामावरून काढले. 14 ऑगस्टला कारखाना थांबला. बाईंना आणि पूर्वी काढलेला वीजतंत्री लेक वालेसा याला परत घ्या, पगार वाढवा, आणि 1970 च्या डिसेंबरात गोळीबारात मेलेल्या कामगारांचे स्मारक उभारा, अशा मागण्या होत्या.

पुढचा दिवस मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 16 तारखेला व्यवस्थापनाने पगारवाढ मान्य केली. वालेसाने संप मिटल्याचे जाहीर केले. माणसे घरी निघाली. पण शहरातले लहान कारखाने, ट्राम आणि बस त्यांच्या पाठोपाठ बंद पडल्या होत्या. मोठा कारखाना उठला तर त्यांना कोण वाचवणार? हेन्रिका क्शिव्होनोस ही ट्रामचालक बाई हे तोंडावर बोलली. वालेन्तिनोविच आणि आलिना प्येन्कोव्स्का नावाची नर्स दरवाजांकडे धावल्या आणि निघालेल्या माणसांना त्यांनी थांबवले. पुष्कळ निघून गेले होते. जे राहिले त्यांच्यावर संप पुढे चालला. आमचे कंडक्टरसाहेब दोन क्रमांकाच्या त्या दरवाजाशी बराच वेळ उभे होते. "ट्रामवाली होती ना ती," एवढेच म्हणाले.

त्यानंतर एकवीस मागण्या प्लायवुडच्या दोन फळ्यांवर लिहून दरवाजावर टांगल्या. स्वतंत्र युनियन, संपाचा हक्क, आणि शेवटची, शनिवारची सुटी. सरकारशी बोलणी झाली ती कामगार-सुरक्षेच्या शिक्षणासाठी असलेल्या दालनात, आणि ती ध्वनिवर्धकावरून साऱ्या कारखान्याला ऐकू जात होती. बंद खोलीत करार करून बाहेर येऊन टाळ्या घेणाऱ्या पुढाऱ्यांनी, त्यात आमच्याही काही पुढाऱ्यांनी, याचा विचार करावा. 31 ऑगस्टला करार झाला. 'सॉलिडॅरिटी'चे सभासद सुमारे एक कोटी झाले. 13 डिसेंबर 1981 ला लष्करी कायदा आला आणि युनियन चिरडली गेली.

त्यानंतर पाचच आठवड्यांनी, 18 जानेवारी 1982 ला, मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. माझे वडील साच्यावर होते, मी सातवीत होतो. संप लांबला आणि माझी शाळा सुटली ती तेव्हाच. म्हणून त्या दरवाजाशी उभा असताना मला केवळ पोलंड दिसत नव्हते.

तिकडे 1989 त निवडणुका होऊन सत्ता बदलली, 1990 त वालेसा राष्ट्राध्यक्ष झाला. आणि 1996 त तोच कारखाना दिवाळखोरीत निघाला! आज त्या जागेत काही पोलादी काम चालते. बाकी कचेऱ्या, उपाहारगृहे, नवी घरे. शेजारी 2014 साली उघडलेले गंजक्या रंगाच्या पोलादी भिंतींचे संग्रहालय आहे. त्या फळ्या तेथे काचेत आहेत. बाहेर मृतांच्या स्मारकाचे 42 मीटर उंच तीन क्रूस, त्यांवर नांगर.

त्या रात्री आमचे भांडण झाले. फिटर म्हणाला, "युनियन जिंकली आणि कारखाना गेला, मग जिंकले कोण?" मास्तर म्हणाले, मत देण्याचा हक्क मिळाला हे थोडे का? फिटरने विचारले, मताने चूल पेटते का? मी फिटरच्या बाजूचा. परळच्या गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे मी रोज पाहतो. पण त्याचे सगळे म्हणणे मला पटत नाही. कारखाना बुडण्याला बाजार, कर्ज, जुनी यंत्रे अशी अनेक कारणे होती. त्यातले कुठलेही त्या एकवीस मागण्यांत लिहिलेले नव्हते. कंडक्टरसाहेबांनी दोघांनाही उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी लोकलने सोपोतला जायचे होते; तिकिटावर यंत्रात छाप मारून घ्यायला विसरू नका, नाहीतर दंड होतो, एवढे सांगून ते झोपले.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळ पाहिले आहे. खर्चाची वही मी आणली आहे. ज्यांना जायचे असेल त्यांनी व्याख्यानानंतर आकडे उतरून घ्यावेत. भिशी कशी लावावी तेही सांगेन.