माता, नोकरी आणि लेखणी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील महिला-मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी आम्हांस या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा प्रथम संकोच वाटला. आम्ही १९७४ सालचे, जुन्या अकरावीचे मॅट्रिक. सारी हयात प्राथमिक शाळेत बाराखडी व पाढे शिकविण्यात गेली. विद्वत्तेचे भांडवल आमच्यापाशी नाही. शिवाय विषय मातेचे घर, तिची नोकरी आणि तिचे लेखन हा, आणि बोलणारा पुरुष! काठावर बसून पोहणे शिकविण्यासारखेच हे झाले. तथापि या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली आहे. ती सांगितल्याने एखाद्या घराचे हित झाले तर व्हावे, एवढ्याच हेतूने आम्ही उभे राहिलो आहोत.

आपल्यात पुष्कळांची समजूत अशी आहे की, मूल सांभाळून स्त्रीने नोकरी करावी आणि वर लेखनही करावे, हे आजकालचे खूळ आहे. वस्तुतः तसे नाही. आपल्या जळगावचेच उदाहरण घ्या. बहिणाबाई चौधरी १८८० साली आसोद्यास जन्मल्या. ऐन तिशीत वैधव्य आले. पदरी तीन मुले, शेतीचे काम आणि अक्षराची ओळख नाही. जात्यावर दळता दळता, शेतात राबता राबता त्यांनी गाणी रचली. १९५१ साली त्या निवर्तल्या आणि १९५२ साली ती गाणी पुस्तकरूपाने निघाली. आज येथील विद्यापीठास त्यांचे नाव आहे. पण ती गाणी आपल्यापर्यंत आली कशी? चिरंजीव सोपानदेवांनी आणि मावसभावाने ती ऐकली आणि कागदावर उतरून ठेवली, म्हणून. आईजवळ प्रतिभा होतीच. घरातील कोणी तरी कान दिला आणि हात दिला म्हणून ती टिकली. जी गाणी कोणी उतरून घेतली नसतील, ती त्यांच्याबरोबरच गेली.

दुसरे उदाहरण ताराबाई मोडक यांचे. त्या १९१४ सालच्या पदवीधर. पतीपासून विभक्त झाल्यावर कन्येचा भार शिरावर घेऊन त्यांनी राजकोट येथे नोकरी केली. पुढे भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केले आणि मराठीत ‘शिक्षणपत्रिका’ चालवून आईबापांना बालसंगोपनाचे ज्ञान दिले. १९४५ साली बोर्डीस आणि १९५७ साली कोसबाडास त्यांनी जे काम उभारले, त्यातून अंगणवाडीची कल्पना देशास मिळाली. १९६२ साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान लाभला. म्हणजे आई, नोकरदार आणि बालसंगोपनाची लेखिका या तिन्ही भूमिका एका स्त्रीने शंभर वर्षांपूर्वी पत्करल्या होत्या. तेव्हा हे होते का, असा प्रश्न नाही. ते कोणाच्या आधाराने होते, हा प्रश्न आहे.

आता आमच्या घरची गोष्ट. आमच्या सूनबाई बँकेत नोकरीस आहेत. आपल्या मंडळाच्या त्रैमासिकात त्यांचे बालसंगोपनावरील लेख आपण वाचले असतीलच. त्यांचा दिनक्रम पहाटे पाचास सुरू होई. दोन डबे, मुलाची शाळा, बँक, सायंकाळी स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, मागची आवराआवर. रात्री साडेदहानंतर स्वयंपाकघरातील ओट्यावरच वही ठेवून त्या लिहीत. आम्ही मात्र चारचौघांत अभिमानाने सांगत असू की, ‘आमची सूनबाई सगळे सांभाळून लिहिते!’ ‘सगळे सांभाळून’ या दोन शब्दांत किती निष्ठुरपणा भरला आहे, हे तेव्हा आमच्या ध्यानी आले नाही.

एकदा त्यांनी आमच्या नातवाच्या अडखळत बोलण्यावर लेख लिहिला. तेव्हा तो चार वर्षांचा होता. मूल बोलताना अडले तर त्याचा शब्द आपण पुरा करू नये, ‘नीट बोल’ म्हणून टोकू नये, चारचौघांत त्याची नक्कल होऊ देऊ नये. आपण स्वतः सावकाश बोलावे आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत तोंडाकडे शांतपणे पाहत ऐकावे. अडखळणे टिकून राहिले तर वाचातज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, असे त्यांनी लिहिले होते. पुढे एक वाक्य होते : घरातील वडीलधारे प्रेमापोटीच टोकतात, पण त्याने मूल अधिक अडते.

हे वडीलधारे म्हणजे आम्हीच. नातू अडला की शाळेतल्या सवयीने आम्ही ‘पुन्हा म्हण, स्पष्ट म्हण’ असे करीत असू. लेख वाचून आम्हांस राग आला. आम्ही म्हणालो, ‘‘सूनबाई, घरची गाऱ्हाणी चव्हाट्यावर मांडायची आपल्याकडे रीत नाही. जन्मभर आम्ही मुलेच शिकविली आहेत.’’ त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘बाबा, चुकले असेल तर पुन्हा लिहिणार नाही.’’ आणि खरोखरच त्यांनी लिहिणे थांबविले. एक नव्हे, तीन अंक त्यांच्या लेखाविना निघाले. घरात भांडण नाही, अबोला नाही. ओट्यावरची वही तेवढी दिसेनाशी झाली. आम्ही त्यास घरातील शांतता समजलो.

पुढे संक्रांतीच्या हळदीकुंकवास आपल्याच समाजातील एक भगिनी आमच्या घरी आल्या. जाताना दारात थांबून त्यांनी सूनबाईंना विचारले, ‘‘ताई, त्या अडखळण्यावर पुढे काही लिहिले का हो? माझी मुलगीही तशीच बोलते. तुमचा लेख मी कपाटाच्या दाराला चिकटवला आहे. घरात कोणी तिला टोकले की मी नुसते बोट दाखवते.’’ आम्ही ओटीवर बसून हे ऐकले. ज्या लेखास आम्ही घराची बदनामी समजलो, तो दुसऱ्या एका घरात लेकराची ढाल झाला होता. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. सकाळी आम्ही सूनबाईंची क्षमा मागितली. सासऱ्याने सुनेची क्षमा मागणे कित्येकांना रुचणार नाही. पण वर्गात आमचे गणित चुकले तर फळा पुसून आम्ही ते पुन्हा मांडीत असू. घरात तसे करण्यास कमीपणा का वाटावा?

गणिताचाच विषय निघाला म्हणून सांगतो. २०१९ साली भारत सरकारने लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात आणि करणाऱ्या पुरुषाची ९७, असे तीत आढळले. त्यातही घरकामास हात लावणारे पुरुष चौघांत जेमतेम एक! प्रसूतीची रजा १९६१ च्या कायद्याने बारा आठवडे होती, ती २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवडे झाली. हे चांगलेच झाले. परंतु रजा संपल्यावर रोजचा तास कोणता कायदा देणार? तो घरानेच दिला पाहिजे.

आमच्या घरी आता अशी व्यवस्था आहे. सायंकाळी सात ते साडेआठ नातू आमच्यापाशी असतो. चिरंजीव भाजी चिरून पोळ्या लाटतात. पहिले काही दिवस त्या नकाशासारख्या झाल्या, पण पोटात गेल्यावर कोणी आकार विचारीत नाही. सूनबाई माडीवरच्या खोलीत लिहितात आणि दार लोटलेले असते. नातू आता नऊ वर्षांचा आहे. त्याच्याविषयी काही लिहिले तर त्या आधी त्यालाच वाचून दाखवितात. त्याने नको म्हटले तर ते वाक्य जाते. मुलाची लाज ही मुलाची मालमत्ता आहे, आईच्या लेखणीलाही तीवर हक्क नाही, हा त्यांचा नियम आहे आणि तो आम्हांस पूर्ण मान्य आहे. घराच्या अब्रूची आम्ही केलेली काळजी अनाठायी होती. लेकराच्या अब्रूची त्यांनी केलेली काळजी खरी आहे.

मंडळास आमच्या दोन नम्र सूचना आहेत. पहिली : रविवारी मंडळाचे सभागृह बहुधा रिकामे असते. सकाळी दोन तास तेथे मुलांना सांभाळण्याची सोय करावी. आम्ही निवृत्त शिक्षक पाच-सहा जण आहोत, पाळीपाळीने येऊ. मातांनी त्या वेळात वाचावे, लिहावे, अथवा नुसते स्वस्थ बसावे. दुसरी : ज्या मातांना लिहिण्याची सवय नाही त्यांचे अनुभव ऐकून लिहून घेण्याचे काम आपल्या महाविद्यालयीन मुलामुलींनी करावे. सोपानदेवांनी आईसाठी जे केले ते आपल्या घरोघरी का होऊ नये?

भगिनींनो, आपणांस उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही. आमचे सांगणे समोर बसलेल्या ज्ञातिबंधूंना आहे. घरातील लेकीसुनांचे कौतुक आपण पुष्कळ केले. कौतुकाला काही खर्च येत नाही. आता त्यांना दिवसातला एक तास द्यावा आणि त्या तासात त्यांना हाक मारू नये, एवढीच प्रार्थना आहे.