ऐकण्याची विद्या
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मी मानसशास्त्राचा पंडित नव्हे. साधा बी. ए. झालेला, केंद्र सरकारच्या नोकरीत गावोगाव बदल्या होत आलेला अधिकारी आहे. तथापि लोकांची गाऱ्हाणी ऐकून घेणे हा या नोकरीचा मोठा भाग. त्यामुळे ऐकण्याला ज्यांनी शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली, त्या कार्ल रॉजर्स या अमेरिकन प्राध्यापकांविषयी मला विशेष आदर वाटत आला आहे.

रॉजर्स यांचा जन्म १९०२ सालचा, शिकागोजवळच्या ओक पार्कचा. आरंभी त्यांनी शेतीशास्त्राचा अभ्यास घेतला, मग इतिहासाचा. पुढे धर्मोपदेशक होण्याच्या इराद्याने ते न्यूयॉर्कच्या एका धर्मविद्यालयात दाखल झाले. पण अखेर कोलंबिया विद्यापीठातून १९३१ साली डॉक्टरेट घेतली ती मानसशास्त्राच्या क्षेत्रात. १९२८ पासून बारा वर्षे ते रॉचेस्टर शहरी अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी काम करीत होते. तेथे एका व्रात्य मुलाच्या आईला ते मुलाच्या वागण्याचे मूळ परोपरीने समजावून देत. परंतु काही केल्या उपयोग होईना. दोघांनीही प्रयत्न सोडायचे ठरवले. जाता जाता ती बाई दाराशी थबकली आणि तिने विचारले, येथे मोठ्या माणसांनाही सल्ला मिळतो काय? मग ती परत येऊन बसली आणि आपल्या संसाराचे दुःख सांगू लागली. रॉजर्स यांनी फक्त ऐकले. खरी सुधारणा तेथून सुरू झाली. कोठे दुखते हे दुखणाऱ्यालाच ठाऊक असते, हा धडा त्यांनी यातून घेतला.

१९४० साली ते ओहायो स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाले. समुपदेशकाच्या बंद खोलीत काय घडते याचा दाखला तोवर समुपदेशकाच्या आठवणीपलीकडे फारसा नसे. रॉजर्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी संभाषणे ध्वनिमुद्रिकांवर उतरवून घेतली, आणि १९४२ च्या आपल्या ग्रंथात एका माणसाशी झालेल्या आठ मुलाखती शब्दशः छापल्या. त्यांच्या एका विद्यार्थ्याने अशा नोंदींतले शब्द मोजले, तेव्हा उपदेश करणारे समुपदेशक उपदेश न करणाऱ्यांच्या जवळजवळ सहापट बोलतात असे आढळले! माणसाचे बोलणे त्याच्याच शब्दांत जपून त्याचा अर्थ शोधणे, ही आज ज्याला गुणात्मक संशोधन म्हणतात त्याची एक मोठी वाट.

सरकारी कचेरीत वावरलेल्यांना याचे मोल चटकन उमगेल. अर्जदार तासभर बोलतो. फायलीत दोन ओळी उतरतात. त्या दोन ओळी खोट्या नसतात, पण त्यांत तो माणूस मात्र नसतो.

१९४५ ते १९५७ या काळात शिकागो विद्यापीठात रॉजर्स यांनी समुपदेशन केंद्र चालवले. समोरच्याविषयी निरपेक्ष आदर, त्याच्या जागी उभे राहून समजून घेणे आणि स्वतः निष्कपट असणे, या गुणांवर त्यांचा भर होता. त्यांच्या पद्धतीची पुष्कळांनी पोपटपंची केली. समोरच्याचे वाक्य परत म्हणून दाखवले की झाले समुपदेशन! रॉजर्स यांना याचे वाईट वाटे. १९८७ साली ते वारले.

गंमत पाहा, आपल्या 'समुपदेशन' या शब्दातच 'उपदेश' दडून बसला आहे. रॉजर्स यांनी आयुष्यभर तोच काढून टाकण्याची खटपट केली.

आता हे सारे मराठी मंडळात कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्यापैकी कित्येकांनी वृद्ध आईवडिलांना गावाहून येथे आणले आहे. औषधपाण्याची उणीव नाही. पण शेजारची भाषा कळत नाही आणि मुले-सुना दिवसभर कामावर. दुःख परक्या भाषेत सांगता येत नाही. ते फार तर कळवता येते. त्यांचे मायबोलीतून ऐकून घेणारे कोण आहे? गणेशोत्सव आणि नाटके आपण पन्नास वर्षे निष्ठेने केली. यापुढे आठवड्यातून एक संध्याकाळ केवळ ऐकण्यासाठी राखावी, अशी माझी नम्र सूचना आहे. आपण डॉक्टर नव्हे, याचे भान मात्र सुटू नये. दुखणे गंभीर दिसले तर तज्ज्ञाकडेच न्यावे. सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवाही १४४१६ या क्रमांकावर आहे.

त्या संध्याकाळी आपण बोलावे थोडे, सल्ला द्यावा त्याहून थोडा. सभागृह आहे, खुर्च्या आहेत. हवे आहेत ते केवळ कान.