पेज नको, घोटलेलं वरण द्या

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया विदर्भाला आता नवी नाही. नागपूरच्या नितीन गडकरींनी २०११ मध्ये मुंबईत ती करून घेतली, तेव्हा तिची बातमी झाली होती. आपल्या गडचिरोलीतलं कोणी ती करून परतलं, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो: आता खायला काय द्यायचं?

जठर लहान झालेलं असतं, आत ताजे टाके असतात. पहिले साधारण दोन आठवडे पातळ पदार्थ, पुढचे दोनेक आठवडे घोटलेलं अन्न. नेमकं वेळापत्रक मात्र तुमच्या डॉक्टरांचंच.

आपल्याकडे आजारी माणसापुढे हमखास तांदळाची पेज येते. इथं ती कमी पडते. तिच्यात बहुतेक पिष्टच. जखम भरायला प्रथिनं लागतात, दिवसाला किमान ६० ग्रॅमच्या आसपास. म्हणून मुगाचं वरण मऊ शिजवून, घोटून, गाळून द्या. घोटलेल्या अन्नाचे आठवडे आले की तलावातला मासाही चालतो, पण काटा एकही राहता कामा नये. उकडलेलं अंडं दह्यात वाटलं तर उत्तम. तिखटाला हात आखडता.

चहाच्या चमच्यानं, वीस-तीस मिनिटं लावून, थोडंच. 'अजून दोन घास घे ना' हा आपला प्रेमळ आग्रह इथं उलटी घडवतो. पाणी जेवणाबरोबर नाही, अर्ध्या तासानं. मोहाचे लाडू दूरच ठेवा: जठराचा बायपास झालेल्याला गोडानं घाम, धडधड, जुलाब होऊ शकतात. मोहाची दारू? तीही आता झपाट्यानं चढते.

ताप आला, उलट्या थांबेनात किंवा पोटात जोराची कळ आली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.