प्रतिकूल शेरा

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सरकारी नोकरीत गोपनीय अहवाल नावाचा एक कागद असायचा. तुम्ही वर्षभर काय केलंत ते वरिष्ठ त्यात लिहायचे. त्यात प्रतिकूल शेरा आला की माणसाची झोप उडायची. मी समाजकल्याण खात्यात नोकरी केली, त्यामुळे ही धास्ती मला चांगली ठाऊक आहे. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्या पी. एस. कृष्णन यांच्यावर नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतच असा शेरा बसला होता. हा अधिकारी अनुसूचित जातींच्या बाजूने फार पक्षपात करतो, आंतरजातीय विवाहांचा पुरस्कार करतो, आपलं संस्कृतचं ज्ञान धर्मावर टीका करायला वापरतो आणि गावकामगारांपेक्षा गावकऱ्यांच्या शब्दावर जास्त विश्वास ठेवतो, असा त्याचा आशय होता.

हे मी एका पुस्तकात वाचलं तेव्हा ते मिटून बराच वेळ बसून राहिलो. आमच्या खात्यातल्या माणसाने जे जे करायला हवं ते सगळं तिथे लिहिलेलं होतं, फक्त दोष म्हणून.

कृष्णन यांचा जन्म १९३२ सालचा, तिरुअनंतपुरमचा. ते शहर ज्या त्रावणकोर संस्थानात होतं, त्याने आपल्या देवळांची दारं सर्व जातींच्या हिंदूंना उघडी केली ती १९३६ साली, म्हणजे हा मुलगा तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. नारायण गुरूंच्या जातिभेदाविरुद्धच्या चळवळीने ढवळून निघालेला तो मुलूख. उच्चवर्णीय घरात जन्मलेल्या या मुलाने शाळकरी वयात बाबासाहेब आंबेडकरांविषयी वाचलं आणि पुढे आयुष्यभर तो धागा सोडला नाही. १९५६ साली ते आयएएसमध्ये दाखल झाले आणि त्यांना आंध्र प्रदेश मिळाला. त्याच वर्षीच्या १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दिली, हे या सभागृहात सांगायची गरज नाही. या दोन गोष्टींची गाठ चौतीस वर्षांनी पडायची होती.

आंध्रातल्या त्यांच्या कामाची पद्धत एका शब्दात सांगता येते, मुक्काम. साहेब दौऱ्यावर आले की कुठे उतरतात, यावर गावात पुष्कळ काही ठरतं. डाक बंगल्यात उतरले तर त्यांना भेटायला कोण जाऊ शकतं, मोठ्या जमीनदाराच्या वाड्यात उतरले तर कोण पायरी चढू शकतं, हे सगळ्यांना माहीत असतं. कृष्णन दलित वस्तीत मुक्काम टाकत. मग ज्यांना साहेबांना भेटायचं असेल त्यांना वस्तीत यावं लागे. मोठ्या शेतकऱ्यालाही, आणि गावचं दप्तर सांभाळणाऱ्या करणमलाही. करणम म्हणजे आपल्याकडच्या कुलकर्ण्यासारखा वंशपरंपरेचा गावकामगार. सरकारी पडीक जमीन कोण कसतो, कोणी दाबून ठेवली आहे, हे त्याच्या कागदावर एक असे आणि शिवारात दुसरं. वस्तीत बसलं की शिवारातली हकिगत ऐकू येते. ती ऐकून कृष्णन जमिनींचं वाटप करत. ‘गावकऱ्यांवर विश्वास ठेवतो’ या शेऱ्याचा उगम इथे आहे.

अशी माणसं आपण पाहिलेली नाहीत असं नाही. प्रत्येक जिल्ह्यात एखादा कलेक्टर येतो, लोक त्याच्या नावाने अजून बोलतात. त्याची बदली झाली की महिन्याभरात सगळं पूर्ववत होतं. कृष्णन मला मोठे वाटतात ते इथून पुढे. आपल्या अंगचा हा ‘पक्षपात’ आपल्याबरोबर निवृत्त होता कामा नये, तो सरकारच्या नियमात आणि अंदाजपत्रकात उतरला पाहिजे, ही खटपट त्यांनी केली.

१९७८ साली ते दिल्लीत गृह मंत्रालयात सहसचिव होते. अनुसूचित जातींचा विषय तेव्हा त्याच मंत्रालयाकडे होता. तोवर दलितांसाठी सरकार म्हणजे समाजकल्याण खातं, आणि समाजकल्याण म्हणजे वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि थोडंफार अनुदान. पाटबंधारे, शेती, उद्योग, वीज या मोठ्या पैशांच्या खात्यांना वाटे, दलितांचं पाहायला एक खातं आहे ना! कृष्णन यांनी जी योजना मांडली तिने हा समज उलटा केला. अनुसूचित जातींचं लोकसंख्येत जेवढं प्रमाण, तेवढा वाटा प्रत्येक खात्याने आपल्या योजना खर्चातून बाजूला काढायचा आणि थेट त्यांच्या उपयोगी पडेल असाच खर्च करायचा. मराठीत तिला ‘विशेष घटक योजना’ म्हणतात. १९८० साली इंदिरा गांधींनी याबाबत मुख्यमंत्र्यांना पत्रं लिहिली आणि सहाव्या पंचवार्षिक योजनेत ती देशभर रुजली. मी नोकरीला लागलो तेव्हा टेबलावर पहिली फाइल आली ती याच योजनेची. ती कोणी आखली, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. याची आज मला खंत वाटते.

आता १९९०. जानेवारीपासून कृष्णन केंद्रीय कल्याण मंत्रालयाचे सचिव होते, विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान, रामविलास पासवान मंत्री. वर्षाअखेर ते निवृत्त होणार होते. मागासवर्गांविषयीच्या मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याचा निर्णय याच वर्षी ७ ऑगस्टला जाहीर झाला आणि त्यामागच्या टिपणीत कृष्णन यांचा हात होता, हे बहुतेकांना माहीत असतं. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याच्या घडणीतही ते होते. पण महाराष्ट्राला सर्वांत जवळची गोष्ट १९९० च्याच जून महिन्यातली आहे.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात असं होतं की, हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ साली त्यात शीख शब्द आला. बौद्ध आला नाही. धम्मदीक्षा घेतलेल्या लाखो कुटुंबांना केंद्राच्या सवलतींचं दार बंद झालं. महाराष्ट्र सरकारने १९६० पासून राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण त्या राज्याच्या हद्दीपर्यंतच. मला एक मुलगा आठवतो. टपाल खात्यातल्या भरतीसाठी दाखला मागायला आमच्या कचेरीत आला होता. कारकुनाने त्याला दाखला वाचून दाखवला, ‘नवबौद्ध’, आणि हा केंद्राला चालत नाही असं सांगितलं. मुलगा म्हणाला, “मग मी काय लिहू?” आईबापांनी सोडलेलं नाव पुन्हा लिहायचं की नोकरी सोडायची, असा तो प्रश्न होता. त्याने कागदाची चार पदरी घडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि पायऱ्या उतरून गेला.

जून १९९० मध्ये संसदेच्या दुरुस्तीने त्या आदेशात बौद्ध हा शब्द आला. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं ते वर्ष. त्याचा परिणाम जनगणनेत पाहा. १९८१ साली महाराष्ट्रात अनुसूचित जातींची लोकसंख्या होती सुमारे ४५ लाख, म्हणजे ७ टक्क्यांच्या थोडी वर. १९९१ साली ती झाली सुमारे ८७ लाख ५८ हजार, ११ टक्के. दहा वर्षांत माणसं दुप्पट जन्मली नाहीत, जी होती ती मोजली गेली. आणि विशेष घटक योजनेचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतो, हे मी मघाशी सांगितलं. १९७८ साली ज्यांनी ती योजना आखली होती, तेच बारा वर्षांनी ही दुरुस्ती करणाऱ्या खात्याचे सचिव होते.

निवृत्तीनंतरही ते थांबले नाहीत. मागासवर्ग आयोगाचं काम, सरकारांना लांबच लांब निवेदनं, विशेष घटक योजनेला (तिलाच पुढे अनुसूचित जाती उपयोजना म्हणू लागले) कायद्याचा आधार हवा हा आग्रह. आंध्र प्रदेशाने २०१३ साली तसा कायदा केला. १० नोव्हेंबर २०१९ रोजी दिल्लीत ते गेले. त्यानंतरच्या दोन दिवसांत आपल्याकडच्या किती वर्तमानपत्रांनी त्यांच्यासाठी जागा दिली, ते तुम्हीच आठवून पाहा.

एक कडवट गोष्ट सांगतो. योजना कागदावर पक्की असली तरी मार्चअखेरीला तिचं काय होतं, हे मी पाहिलं आहे. एका गावात या निधीतून रस्त्यावर दिवे लागले. मी पाहायला गेलो तर शेवटचा खांब चौकात होता आणि वस्ती तिथून अर्धा मैल पुढे, अंधारात. खर्च मात्र शंभर टक्के. तपासणीच्या अहवालात मी ते लिहिलं नाही. ‘काम पूर्ण’ एवढंच लिहिलं. माझ्या गोपनीय अहवालात त्या वर्षी शेरा होता ‘उत्तम’.

म्हणून आज इथून जाताना एक काम घेऊन जा. आपल्या जिल्ह्यात अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी जिल्हा नियोजन समितीमार्फत येतो. गेल्या वर्षी किती आला, कुठल्या गावात, कशावर खर्च झाला, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलं की ती यादी घेऊन त्या वस्तीत जा, आणि शेवटचा खांब कुठे आहे ते पाहा.