पोटाच्या तक्रारी आणि सुईची चिकित्सा
(भाषणाचा लिखित मसुदा)



ॲक्युपंक्चरचे नाव निघाले की समाजात दोन पक्ष पडतात. एक पक्ष विचारतो, सुया टोचून कोठे पोट बरे होते काय? दुसरा पक्ष सांगतो, गोळ्यांनी दहा वर्षांत जे साधले नाही ते सुईने दहा बैठकांत साधले. दोन्ही पक्षांचा आवेश मोठा आणि हिशेब कच्चा असतो. पोटाच्या विकारांपुरता तरी हा हिशेब नीट मांडून पाहणे अगत्याचे आहे, कारण धर्मादाय शिबिरांतून ही चिकित्सा आता गावोगावी पोहोचली आहे.

नंदुरबार हे मिरचीचे गाव. हंगामात पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडली की वाऱ्यालाही ठसका लागतो. परंतु पोट बिघडण्याचे सारे खापर मिरचीवर फोडता येत नाही. दुकान उघडण्यापूर्वी तीन वेळा शौचास जावे आणि तरीही पोट साफ झाल्याचे समाधान नसावे, सुरतेच्या खरेदीस निघायचे म्हटले की आदल्या रात्रीपासून मुरडा सुरू व्हावा, एस.टी.त बसण्याआधी घोटभर पाणीही पिण्याची भीती वाटावी, पंगतीचे निमंत्रण संकट वाटावे, अशी अवस्था अनेकांची असते. रक्त, सोनोग्राफी, दुर्बीण, सर्व तपासण्या निर्दोष निघतात. मग घरचेच म्हणू लागतात, हा मनाचा खेळ आहे. रुग्णाला हे बोलणे दुखण्याहून अधिक लागते, आणि ते खरेही नाही.

या विकाराला वैद्यकशास्त्रात इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, थोडक्यात आयबीएस, असे नाव आहे. २०१६ साली निश्चित झालेल्या 'रोम' निकषांनुसार गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून किमान एक दिवस पोट दुखणे, आणि त्या दुखण्याचा शौचाशी, शौचाच्या वेळांतील बदलाशी अथवा मलाच्या स्वरूपातील बदलाशी, यांपैकी किमान दोहोंशी संबंध असणे, ही त्याची खूण होय. तक्रारीचा आरंभही सहा महिन्यांपूर्वीचा असावा लागतो. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचे स्वतंत्र जाळे असते आणि त्याचा मेंदूशी अखंड संवाद चालतो. आयबीएसमध्ये हा संवाद बिघडतो. एरवी जाणवणारही नाही असा वायूचा ताण या रुग्णाला वेदना म्हणून जाणवतो. आतडे फाटलेले नसते, सडलेले नसते, पण वेदना खरीच असते. आयुर्वेदातील ग्रहणीशी याचे साम्य सांगितले जाते, तथापि दोन्ही तंतोतंत एक मानू नयेत.

आता सुईकडे वळू. आपल्याकडे असा समज आढळतो की सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी ही विद्या चीनमधून आणली. तो बरोबर नाही. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकात कोटणीस होते. त्यांनी युद्धभूमीवर शस्त्रक्रिया केल्या आणि १९४२ साली तेथेच देह ठेवला. त्याच पथकातील बंगालचे डॉ. विजयकुमार बसू मात्र पुढे १९५८च्या सुमारास पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यास परतून त्यांनी त्याचा प्रसार केला. कोटणीसांचे मोठेपण त्यांच्या सेवेत आहे, त्यांना सुईचे श्रेय उसने देण्याची गरज नाही.

पाश्चात्त्य जगाचे लक्ष या विद्येकडे वेधले गेले तेही एका पोटामुळेच. १९७१ च्या जुलैमध्ये अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांची पेकिंगमध्ये अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. ती नेहमीसारखी भूल देऊन झाली, सुयांनी नव्हे. शस्त्रक्रियेनंतर पोट फुगून त्यांना अस्वस्थता आली, तेव्हा उजव्या कोपराजवळ आणि गुडघ्यांखाली सुया टोचण्यात आल्या, पोटाजवळ औषधी वनस्पतीचा शेक देण्यात आला. तासाभरात आराम पडल्याचे त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहिले. पोट फुगले असता सुई गुडघ्याखाली का, असे नवख्याला वाटेल. परंतु पोटासाठी सर्वाधिक वापरला जाणारा 'त्सूसानली' हा बिंदू तेथेच आहे, गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरील अंगास. नाभीच्या दोन्ही बाजूंचा 'थ्येनशू' आणि मनगटाच्या आतील बाजूचा 'नेइग्वान' हेही नेहमीचेच. चिनी परंपरा यास 'ची' या प्राणशक्तीचे मार्ग म्हणते. आधुनिक संशोधक मज्जातंतूंच्या भाषेत बोलतात. २०२१ साली 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांच्या मागील पायातील या बिंदूवर सुईद्वारे सौम्य वीजप्रवाह देता शरीरातील दाह उतरला, आणि त्याचा मार्ग विशिष्ट मज्जातंतूंतून जातो असे दिसले. हा प्रयोग उंदरांवरील आणि दाहाविषयीचा आहे, एवढे भान मात्र ठेवावे.

माणसांवरील पुरावा काय सांगतो? २०१२ सालच्या कॉक्रेन समीक्षेत १७ चाचण्या आणि १,८०६ रुग्ण विचारात घेतले गेले. खरी सुई आणि दिखाऊ सुई यांची जेथे तुलना झाली, तेथे आयबीएसच्या रुग्णांना दोहोंचा लाभ सारखाच आढळला. औषधांशी तुलना केलेल्या, मुख्यतः चिनी, चाचण्यांत सुई सरस ठरली, पण तेथे रुग्णांना आपणास काय मिळत आहे हे ठाऊक होते. दीर्घकालीन तीव्र बद्धकोष्ठतेत चित्र अधिक आशादायक आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या १,०७५ रुग्णांच्या चाचणीत आठ आठवड्यांत २८ बैठका झाल्या. आठवड्यातून किमान तीनदा समाधानकारक शौच होऊ लागलेले रुग्ण विद्युत-सुईच्या गटात सुमारे ३१ टक्के, तर दिखाऊ गटात सुमारे १२ टक्के होते. फरक खरा आहे, तरी शंभरांतील सुमारे ६९ जणांना तो टप्पा गाठता आला नाही, हेही त्याच आकड्यांत लिहिलेले आहे.

सर्वांत विचार करावयास लावणारी चाचणी २००८ सालची, हार्वर्डमधील संशोधकांची. आयबीएसच्या २६२ रुग्णांचे तीन गट केले. पहिल्या गटास केवळ प्रतीक्षा यादीत ठेवले. दुसऱ्यास त्वचेत न शिरणारी खोटी सुई, फारसे न बोलता लावली. तिसऱ्यास तीच खोटी सुई, परंतु चिकित्सकाने आस्थेने विचारपूस करून, शांतपणे ऐकून घेऊन लावली. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडल्याचे सांगणारे अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के होते. सुई तिन्हीकडे नव्हतीच! हे वाचून कोणी म्हणेल, मग सारे थोतांड. तसे म्हणणे उतावळेपणाचे ठरेल. ज्या विकारात आतडे आणि मेंदू यांचा संवादच बिघडलेला असतो, त्यात अर्धा तास निवांत पडून राहणे आणि कोणीतरी आपले दुखणे खरे मानणे हाही उपचाराचा भाग ठरतो. दोन मिनिटांत चिठ्ठी लिहिणाऱ्या दवाखान्यात नेमके हेच मिळत नाही.

जैन समाजास या पद्धतीचे आकर्षण वाटण्यास आणखी कारणे आहेत. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते, ते अनेकांना नको असते. सुईत पोटात काही घ्यावे लागत नाही. आहाराच्या बाबतीतही समाजाच्या पदरी आधीच काही पुण्य आहे. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाने आयबीएससाठी विकसित केलेल्या आहारात कांदा-लसूण प्रथम वर्ज्य होतात. परंतु त्याच आहारात गहू, दूध आणि बहुतेक कडधान्येही मर्यादित असतात, आणि ती तर आपल्या ताटाचा कणा. आयंबिलात दूध सुटते, पण डाळी आणि गहू राहतात, म्हणून ओळीत कोणाचे पोट हलके होते तर कोणाचे अधिकच फुगते. ताटाचा विचार न करता केवळ सुया टोचून घेणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे.

खरा धोका मात्र वेगळाच आहे. पोटदुखी म्हणून जो शिबिरात येतो त्याला आयबीएसच आहे हे कोणी ठरविले? आतड्यांचा क्षय, आमांश, जंत, आतड्यांचा कर्करोग, यांचा आरंभ अगदी असाच असू शकतो. नंदुरबार जिल्ह्याच्या आदिवासी भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत, आणि त्या आजारातही पोटात तीव्र कळा येतात. धडगाव वा अक्कलकुव्याहून मोफत शिबिराच्या आशेने आलेल्या माणसाला सुईने तात्पुरते बरे वाटले आणि निदान चार महिने लांबले, तर ते दान त्यास फार महाग पडेल. शौचावाटे रक्त, वजनात घट, ताप, रक्तक्षय, झोपेतून उठविणारी वेदना, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली तक्रार, अथवा कुटुंबात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, यांपैकी एकही गोष्ट आढळल्यास सुई बाजूस ठेवून रुग्णास प्रथम रुग्णालयात पाठवावे.

म्हणून ज्या संस्थेस असे शिबिर भरवावयाचे असेल, तिने पहिल्या टेबलावर पदवीधर डॉक्टर बसवावा आणि सुईवाल्यास दुसऱ्या टेबलावर. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चर चिकित्सा पद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम आहे. त्यात राज्य परिषद आणि चिकित्सकांची नोंदणी यांची तरतूद आहे. तेव्हा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. कापडाचा ताका घेताना आपण पन्हा मोजून घेतो, येथे तर शरीर आहे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, गर्भवती भगिनींनी आणि पेसमेकर असलेल्यांनी तसे आधी सांगावे. पेसमेकर असलेल्यास विजेची सुई नकोच. चालू असलेली औषधे कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नयेत. सहा ते आठ बैठकांत काहीच फरक न पडल्यास पुढे पैसे आणि वेळ घालविण्यात अर्थ नाही. बैठकांच्या काळात रुग्णाने एका वहीत रोजचे दुखणे, शौचाच्या वेळा आणि खाल्लेले पदार्थ टिपून ठेवावेत, म्हणजे फरक पडला की नाही याचा निकाल आठवणीवर सोडावा लागणार नाही. सुई निर्जंतुक आणि एकदाच वापरावयाची असावी, पाकीट रुग्णासमोर फोडावे, आणि वापरलेली सुई त्याच्या डोळ्यांदेखत बंद डब्यात टाकावी. कावीळ ब अशाच हलगर्जीपणातून पसरते.